मोटारीच्या डॅशबोर्डवरील सूचक दिव्यांचे एलईडीत रूपांतर : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

मोटारीच्या अंतर्गत स्थितीचे ज्ञान चालकास डॅशबोर्डवरील सूचक दिव्यांच्या द्वारे होते. बॅटरीचे चार्जिंग, इंजिन ऑइलचा दाब, हँडब्रेक, इंधनाची पातळी इत्यादी बाबी हे लहान दिवे त्याच्या निदर्शनास आणून देतात. कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० यांसारख्या मोटारींच्या मीटरमध्ये यासाठी तंतूचे म्हणजेच फिलामेंटचे बल्ब वापरले जात. या मोटारींचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. तथापि १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर तिचे नूतनीकरण करून जुन्या मोटारी वापरणारे लोक आजही आहेत. अशा मोटारींतील जुने बल्ब काढून त्या जागी एलईडी बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. नागपुरातील नंदनवन परिसरातून उमरेड, भिवापूर यांसारख्या गावी अध्यापनासाठी ये-जा करणाऱ्या आणि अंधार पडल्यावर परतणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. जुना बल्ब हा दिवा तर असतोच, शिवाय तो विद्युत परिपथाचा एक कार्यरत घटकही असतो. ही बाब दुर्लक्षिली गेल्यास सुधारणेऐवजी धोका पदरी पडतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

दोन प्रकाशस्रोतांतील मूलभूत भेद :

फिलामेंटच्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. तिच्यातून विद्युतधारा कोणत्याही दिशेने वाहू शकते. एलईडी हा अर्धवाहक डायोड असल्याने त्यातून धारा एकाच दिशेने वाहते. दृश्य प्रकाश देणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. निळ्या एलईडीसाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. त्या कार्याबद्दल अकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी तयार होतो.

मीटरमधील सर्वसाधारण लहान बल्ब १२ व्होल्ट, १.२ वॅटचा असतो. म्हणजे तो १०० मिलिअँपिअर धारा घेतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट व २० मिलिअँपिअर पुरतात. इंजिन सुरू असताना परिपथातील दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो, हे गृहीत धरल्यास उरलेले ११.२ व्होल्ट रोधकावर सोडावे लागतात. ११.२ भागिले ०.०२ या हिशेबाने ५६० ओहमचा रोधक एलईडीशी एकसरीत जोडावा लागतो. त्यात ०.२२ वॅट उष्णता निर्माण होत असल्याने अर्धा वॅट क्षमतेचा रोधक घेणे योग्य. तयार मिळणाऱ्या एलईडी बल्बमध्ये असा रोधक आधीच बसविलेला असतो.

बल्बचे अदृश्य कार्य :

बॅटरीचे चिन्ह असलेला लाल दिवा हे याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये चावी फिरविल्यावर बॅटरीतील धारा या दिव्यातून अल्टरनेटरच्या रोटरकडे जाते व त्यास प्रारंभिक चुंबकत्व देते. अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांवरील दाब समान होतो आणि दिवा विझतो. येथे ३ वॅटचा बल्ब असेल तर तो सुमारे २५० मिलिअँपिअर धारा पुरवितो. त्या जागी एलईडी बसविल्यास ही धारा २० मिलिअँपिअरवर येते. परिणामी अल्टरनेटर उशिरा, इंजिनाची गती बरीच वाढविल्यावर कार्यरत होतो. काही वेळा होतच नाही. मग मोटार केवळ बॅटरीवर धावते आणि बॅटरी उतरल्यावर वाटेत बंद पडते. शिवाय काही दोषांमध्ये या दिव्यातून धारा उलट दिशेने वाहते. बल्ब अशा वेळी मंद प्रकाशून इशारा देतो, एलईडी मात्र अंधारातच राहतो.

इंधन संपत आल्याची सूचना देणारा दिवा हे दुसरे उदाहरण. काही जुन्या मोटारींत टाकीमध्ये थर्मिस्टर असतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो व त्याचा रोध अधिक असतो. पातळी खाली गेल्यावर बल्बमधून येणाऱ्या धारेने तो तापतो, रोध घटतो आणि दिवा लागतो. एलईडीच्या अल्प धारेने थर्मिस्टर पुरेसा तापत नाही. उलटपक्षी टाकी भरलेली असतानाही एलईडी मंदपणे प्रकाशत राहू शकतो. दोन्ही प्रसंगी त्या सूचनेचा अर्थच नाहीसा होतो.

काही मोटारींत डाव्या व उजव्या इंडिकेटरसाठी मीटरमध्ये एकच दिवा असतो व तो दोन्ही बाजूंच्या परिपथांमध्ये जोडलेला असतो. धारा कधी एका, तर कधी दुसऱ्या दिशेने वाहत असल्याने तेथे साधा एलईडी एकाच बाजूच्या वळणाला लागेल.

रंग, तेजस्विता व उष्णता :

सूचक दिव्यांच्या रंगांना निश्चित अर्थ आहे. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधगिरी, निळा म्हणजे हेडलाइटचा हाय बीम. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल घटक कमी असल्याने लाल काचेमागे तो फिका व मंद दिसतो. म्हणून काचेच्या रंगाचाच एलईडी निवडणे इष्ट होय.

मीटरचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या जुन्या ऱ्हिओस्टॅटचीही अडचण होते. सहा एलईडी मिळून १२० मिलिअँपिअर धारा घेतात. १० ओहमच्या ऱ्हिओस्टॅटवर केवळ १.२ व्होल्टची घट होते व प्रकाश फारसा कमी होत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर असा प्रखर, निळसर प्रकाश डोळ्यांची अंधारातील संवेदनक्षमता घटवितो.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड याहून कितीतरी अधिक तापतो. वाढत्या तापमानात एलईडीचे आयुष्य घटते. त्यामुळे दीर्घ आयुष्याची जाहिरात जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

रूपांतराची सुरक्षित पद्धती :

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मीटर बाहेर काढल्यावर प्रत्येक बल्बचे स्थान व वॅट लिहून ठेवावे. होल्डर पाव फेरा फिरवून निघतो. त्यामागील लवचिक छापील परिपथ नाजूक असल्याने ओढाताण करू नये. एलईडी न लागल्यास तो उलटा करून बसवावा. मीटरच्या प्रकाशाचे बल्ब बदलण्यास हरकत नाही, मात्र बॅटरीचा व थर्मिस्टरवर चालणारा इंधनाचा दिवा मूळ स्वरूपातच ठेवावा. बॅटरीच्या दिव्यासाठी एलईडीचाच आग्रह असेल, तर त्यास समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा रोधक जोडून धारा पूर्ववत करता येते. हा रोधक तापत असल्याने तो प्लास्टिकपासून दूर बसवावा. एअरबॅग व एबीएस यांच्या दिव्यांना हात लावू नये, कारण काही प्रणाली त्या दिव्याच्या परिपथावरही लक्ष ठेवतात.

काम पूर्ण झाल्यावर चावी फिरवून सर्व इशारादर्शक दिवे लागतात की नाही, हे पाहावे. नंतर इंजिन सुरू करून मल्टिमीटरने बॅटरीवरील दाब मोजावा. तो साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असल्यास चार्जिंग सुरळीत आहे असे समजावे.

निष्कर्ष :

मीटरमधील १० बल्ब बदलून जेमतेम ९ वॅट वीज वाचते. शेकडो वॅट क्षमतेच्या अल्टरनेटरच्या तुलनेत ही बचत नगण्य आहे. एलईडीचा खरा लाभ आहे तो धक्के सहन करण्याच्या क्षमतेत व वारंवार मीटर उघडावे न लागण्यात. हा लाभ प्रकाशासाठी असलेल्या बल्बच्या जागी निःशंकपणे घ्यावा. ज्या ठिकाणी बल्ब परिपथाचे कार्यही करतो, तेथे त्या कार्याची पर्यायी व्यवस्था केल्याशिवाय तो काढू नये. बिघाडाच्या वेळी न लागणारा सूचक दिवा चालकास निर्धास्त ठेवतो, आणि म्हणूनच दिवा मुळीच नसण्यापेक्षा तो अधिक घातक ठरतो.