अंगणाच्या पोटातलं घर

भाजे गावातून विसापूर किल्ला चढून माथ्यावर आलं की मोठं पठार पसरलेलं दिसतं आणि गवतात जागोजागी दगडी जोती डोकं वर काढतात. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये यांतल्या एका घराची नोंद आहे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, दगडी बांधणीचं आणि तेव्हाच पडकं झालेलं. लोक त्याला पेशव्यांचा वाडा म्हणत. शेजारी छप्पर नसलेल्या दोन इमारती, त्या सरकारी कचेऱ्या होत्या असं सांगितलं जाई. जवळच दहा फुटी लोखंडी तोफ, तिच्यावर इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचं गुलाबाचं चिन्ह. गॅझेटियरकारांनी भिंतींची मापं घेतली, तोफेवरची अक्षरं वाचली. त्या घराच्या अंगणात काय आहे, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडत नसे.

आज पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला आधी तोच पडतो.

भिंती घर कुणी बांधलं, किती पैसे ओतले हे सांगतात. माणसं तिथे कशी राहिली हे सांगते ती जमीन, आणि तीही अंगणाची. खोल्या रोज झाडल्या जातात, घर सोडताना त्यांतलं सामान आवरून नेलं जातं. सगळी धांदल असते ती अंगणात. तिथे भात कांडायचं, भांडी घासायची, सरपण फोडायचं, वासरू बांधायचं, लग्नाचा मांडव घालायचा. हातून निसटलेली बारीक वस्तू पायाखाली चेपली जाते आणि पुढचं सारवण तिला कायमचं झाकून टाकतं. मोठी भांडी, दागिने, हत्यारं माणसं बरोबर नेतात. मागे उरतो मणी, बांगडीचा तुकडा, फुटक्या मडक्याची कड, जळका दाणा. उत्खननात हाच ऐवज मोलाचा ठरतो.

विसापूर ज्या मावळात आहे तिथे तर अंगण दरवर्षी नव्यानं करावं लागे. लोणावळ्याच्या आसपास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. चार महिन्यांत अंगणाची पार दैना होते. पाऊस सरला की मुरूम-माती पसरायची, पाणी मारायचं, धुम्मसनं ठोकायची, चोपण्यानं चोपायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. जुनं अंगण खरवडून टाकत नसत, त्याच्यावरच नवं चढे. त्यामुळे अशा जमिनीला उभा छेद दिला की पातळ पट्ट्या एकावर एक दिसू लागतात. मुरमाची पिवळट, सारवणाची करडी, मध्येच राखेची काळी. एखादी पट्टी जाड आणि गाळाची असेल तर त्या काळात अंगणाकडे कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे घर काही काळ रिकामं होतं.

हे वाचायचं तर घाई चालत नाही. जागेवर दोऱ्यांनी चौरस आखतात आणि दोन चौरसांमध्ये मातीचा बांध न खोदता ठेवतात. थरांचा क्रम त्या बांधाच्या कडेवर कायम दिसत राहावा, हा त्यामागचा हेतू. ही शिस्त मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननात तिचं प्रत्यक्ष शिक्षण घेतलेले हसमुख सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि महाराष्ट्रातल्या खोदकामाची रीतच बदलली. कुदळ वरच्या ढिगाऱ्यापुरती. जमिनीचा कठीण पापुद्रा लागला की खुरपी आणि ब्रश. निघालेली माती चाळणीतून जाते, काही पोती पाण्यात कालवली जातात. जळके दाणे हलके असल्यानं वर तरंगतात आणि कापडावर गोळा होतात. त्या घरात तांदूळ शिजत होता की नाचणी, याचा पुरावा असा मिळतो.

खांबाचं लाकूड कुजून जातं, त्याचा खड्डा मात्र राहतो. त्यात नंतर भरलेली माती भोवतालच्या चोपलेल्या मातीपेक्षा मऊ आणि गडद असते. खुरपीच्या टोकाला हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो. एका रेषेतले खोल खड्डे म्हणजे पडवीचे खांब, इकडेतिकडे पडलेले उथळ खड्डे म्हणजे मांडवाच्या मेढी. जमिनीत पुरलेलं उखळ, मोरीचा उतार, वृंदावनाचा चौकोनी पाया यांवरून अंगणाचा नकाशा उभा राहतो.

अंगणाखाली काय दडलेलं असू शकतं, याचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष. घराजवळ धान्याचं कोठार होतं. तो वस्तीचा प्रमुख असावा, असं अभ्यासकांनी मांडलं. तो रांजण कुणी गुप्तधन समजून उपसला असता, तर हाती मातीची खापरं आणि हाडं आली असती. घर, अंगण, कोठार आणि माणूस यांचं नातं एकत्र नोंदलं गेलं म्हणूनच त्यातून एका समाजाची रचना कळली.

मध्ययुगीन घरांबाबत मोठी अडचण कालनिर्णयाची. घराच्या जोत्यावर कुणी शक कोरून ठेवत नाही. मग साध्या वस्तूच कामाला येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं. सातवाहन काळाच्या कितीतरी वर, बहमनी काळाच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. पुढे दख्खनमध्ये इतरत्र तशाच बांगड्या निघाल्या की तो थर ओळखायला त्यांची मदत होऊ लागली. फुटली म्हणून अंगणात टाकलेली बांगडी शतकाची खूण ठरली.

चिलीमही अशीच. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत इकडे आली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून अकबराच्या दरबारात पोचली. म्हणून न फुटलेल्या, सलग जमिनीखाली तंबाखूची चिलीम निघाली, तर ती जमीन फार तर सोळाव्या शतकाच्या अखेरीची, त्याहून जुनी धरता येत नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. त्या कौलाचा तुकडा थरात असेल तर तो थर पेशवाईचा नव्हे. शिवराईचं मात्र जपून घ्यावं लागतं. शिवराज्याभिषेकाच्या काळात सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पाडलं जाई आणि पुढेही चाले. अंगणात शिवराई सापडली म्हणून घर शिवकालीन ठरत नाही. उत्साहाच्या भरात ही चूक फार होते.

कधी युद्धातली आगही असे थर जपते. विसापूर ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी घेतला आणि तिथून मारा होणार हे दिसताच शेजारचा लोहगड किल्लाही पडला. ही मोहीम कर्नल प्रॉथरची. त्यानंच मे महिन्यात रायगडावर तोफा डागल्या आणि गडावरची घरं जळाली. जळून कोसळलेलं छप्पर जमिनीवर झाकणासारखं बसतं. खालचं सारवण, दाणे, खापरं सुरक्षित राहतात. रायगडावर २०१७ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग वाड्यांची जोती उलगडतो आहे. कौलं, खिळे, नाणी, भांड्यांचे तुकडे निघाले. २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली आणि बातम्या झाल्या त्या तिच्याच. अभ्यासाच्या दृष्टीनं मात्र ती ज्या थरात होती तो थर आणि तिच्या आजूबाजूची कौलं-खापरं अधिक बोलकी आहेत.

मावळातल्या जोत्यांना आज धोका आहे तो दोन बाजूंनी. एक जुनाच, गुप्तधनाच्या हावेपोटी रात्री मारलेले खड्डे. दुसरा अधिक दुखरा, कारण त्यामागे प्रेम आहे. किल्ल्यावर श्रमदानाला आलेली मुलं जोतं मोकळं करण्याच्या भरात माती थेट फरसापर्यंत उपसतात आणि भिंतीला लागूनची पट्टी खणून काढतात. भिंत आणि जमीन यांचं वय जिथे कळतं तो सांधा नेमका तिथेच असतो. एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही.

लोहगड आणि विसापूर ही राष्ट्रीय संरक्षित स्मारकं आहेत. लोहगड जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. तिथे परवानगीवाचून खोदणं गुन्हा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. श्रमदान करणाऱ्यांनी झुडपं जरूर काढावीत, ती मुळासकट न उपटता बुंध्याशी कापावीत. वाटा आणि पाण्याची टाकी साफ करावीत, जोत्यांवरचं प्लास्टिक उचलावं. मातीत खापर, बांगडी, नाणं दिसलं तर जागेवरच राहू द्यावं, फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. फावडं मात्र त्या अंगणांच्या बाहेरच ठेवावं.