दीडशे क्रमांकाचा बोअर

जमिनीखालचे तांबे-सोने शोधायला निघालेली कंपनी आधी मोठा मुलूख मागते. शेकडो चौरस किलोमीटर, कधी हजारही. हा हावरटपणा नव्हे. कोणता कोपरा कामाचा हे तिलाच ठाऊक नसते. ओढ्यांतला गाळ तपासायचा, विमानातून खडकांचे चुंबकत्व मोजायचे, संशय येईल तिथे बोअर मारायचे आणि बाकीची जमीन सोडून द्यायची. बहुतेकदा शेवटी सगळीच सोडावी लागते.

या धंद्याची जात कळायला मंगोलियाच्या दक्षिण गोबीतले ओयू तोल्गोई पुरेसे आहे. तिथले हिरवट खडक उघड्यावरच होते. कांस्ययुगातल्या माणसांनीही ते खरवडले. 1980च्या दशकात मंगोलियन भूवैज्ञानिक गरमजाव यांनी या जागेकडे लक्ष वेधले. 1997-98मध्ये बीएचपी या खाण कंपनीने बोअर मारले. तांबे लागले, पण परवडेल इतके नाही. धातूंचे भाव पडले होते, कंपनीने काढता पाय घेतला. 2000मध्ये रॉबर्ट फ्रीडलँड यांच्या आयव्हनहो माइन्सने जागा घेतली. बीएचपीकडे उरली 2 टक्के रॉयल्टी.

आयव्हनहोचेही सुरुवातीचे बोअर उथळ आणि बेताचेच निघाले. मग 2001मध्ये दीडशे क्रमांकाचा बोअर खोल गेला. त्यातून निघालेल्या 508 मीटर कोअरमध्ये, म्हणजे खडकाच्या दंडगोल कांडीत, सरासरी 0.81 टक्के तांबे आणि टनामागे 1.17 ग्रॅम सोने होते. धनत्रयोदशीला एक तोळा, म्हणजे दहा ग्रॅम, घेणाऱ्याने हिशेब करून पाहावा: त्यासाठी साडेआठ टन दगड फोडावा लागेल. तरीही हा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांत गणला जातो, कारण दगड अफाट आहे आणि सोने तिथे तांब्याच्या सोबतीने येते.

खरे घबाड तर उत्तरेला होते, आणि जमिनीवर त्याची खूणही नव्हती. जमिनीत वीज सोडायची, बंद करायची आणि खालचे खडक तो भार किती वेळ धरतात ते मोजायचे. सल्फाइडचे कण तो क्षणभर धरून ठेवतात. अशा मोजणीच्या आधारे 2002मध्ये ह्यूगो डमेट हा साठा लागला. आज तिथली भूमिगत खाण सुमारे 1.3 किलोमीटर खोल आहे. साठ्याचे उत्तरेकडचे टोक तर शेजारच्या आंत्रे कंपनीच्या परवान्यात शिरले, आणि 2004मध्ये आयव्हनहोला तिच्याशी करार करावा लागला. मुलूख मोठा का मागतात, ते इथे कळते. बीएचपीची ती रॉयल्टी आयव्हनहोने 2003मध्ये 3.7 कोटी डॉलर मोजून सोडवून घेतली.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये ब्री-एक्स नावाच्या कंपनीने सोने 'सापडवले'. कोअरचा अर्धा भाग पडताळणीसाठी जपून ठेवण्याची रीत असते. इथे जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला होता. 1997मध्ये स्वतंत्र तपासणी झाली आणि नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळल्याचे उघड झाले. तोवर शेअर बाजारात या कंपनीची किंमत सुमारे सहा अब्ज कॅनडियन डॉलरवर जाऊन आली होती. कोअर कुठे ठेवला आहे, हा साधा प्रश्न गुंतवणूकदारांनी विचारायला हवा होता.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांबे असल्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पूर्वीच दाखवले. पण 2015पासून खाणपट्टे लिलावाने जाऊ लागले आणि खासगी शोधकाला राबण्याचे कारण उरले नाही. खाण कायद्यातल्या 2023च्या दुरुस्तीने तांबे, सोने, चांदी, शिसे, जस्त अशा 29 खनिजांसाठी शोध-परवाना आणला. एका परवान्यात 1000 चौरस किलोमीटरपर्यंत जागा. तीन वर्षांनी त्यातली फार तर चतुर्थांश जवळ ठेवता येते. साठा सिद्ध झाला की सरकार लिलाव करणार आणि शोधकाला लिलावाच्या रकमेत वाटा देणार.

वाटा कमी मोलाचा नसतो, हे बीएचपीच्या रॉयल्टीने दाखवलेच आहे. पण आयव्हनहो बोअरमागून बोअर मारत राहिली, ती खाण आपलीच होणार या भरवशावर. नुसत्या वाट्यावर दीडशेव्या बोअरपर्यंत तग धरणारी कंपनी आपल्याकडे येईल, असे मला वाटत नाही. कायदा पुन्हा बदलावा लागेल.