मेमरीचा वेग आणि प्रोसेसरचा वेग : खरेदीपूर्वीचा हिशेब

शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले की दोन-चार दुकानांतून दरपत्रके मागवली जातात. त्यांत प्रोसेसरचे नाव ठळक असते आणि खाली कुठेतरी एक ओळ असते : ‘१६ जीबी रॅम, ३२००’. १६ जीबी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असते. ३२०० हा आकडा मात्र न विचारताच मान्य होतो. आमचेही तसेच झाले. लोकवर्गणीतून घेतलेले चार संगणक मांडून झाल्यावर आम्ही पडद्यावर मेमरीचा वेग पाहिला, तर तो निघाला २६६६! पट्टी ३२०० चीच होती, दुकानदाराने फसवले नव्हते. आमच्या प्रोसेसरलाच २६६६ पेक्षा अधिक वेग चालत नव्हता.

मुळात मेमरीच्या वेगाला एवढे महत्त्व का? ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ४ अब्ज ठोके देतो. एक ठोका म्हणजे पाव नॅनोसेकंद. एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर अंतर कापतो. मेमरीकडे मागितलेली माहिती हाती पडायला मात्र साधारण ६० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे अडीचशे-तीनशे ठोके! म्हणूनच प्रोसेसरच्या पोटात ‘कॅश’ नावाची छोटी पण चपळ मेमरी असते. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असतो, बाकीचे जिन्नस फळीवर असतात, तसेच हे. डब्यात सापडले तर काम झटपट होते. नाही तर फळीकडे वळावे लागते. ही फळी म्हणजे आपली रॅम.

आता ३२०० चा अर्थ पाहू. सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहितीची देवघेव होते, असा तो अर्थ. जाहिरातीत त्यापुढे ‘मेगाहर्ट्झ’ लिहितात, पण खरा ठोका १६०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रत्येक ठोक्यात, चढताना एकदा आणि उतरताना एकदा, अशी दोनदा देवघेव होते. ‘डबल डेटा रेट’, म्हणजेच डीडीआर, हे नाव त्यावरूनच पडले. दर वेळी ८ बाइट जातात. ३२०० दशलक्ष गुणिले ८, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी.

पट्टीवर आणखी एक आकडा असतो : सीएल १६. मेमरीची योग्य ओळ उघडल्यावर पहिली माहिती बाहेर पडेपर्यंत किती ठोके थांबावे लागते, ते हा आकडा सांगतो. १६०० मेगाहर्ट्झला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५-४८०० सीएल ४० ची पट्टी घेतली, तर हीच प्रतीक्षा सुमारे १६.७ नॅनोसेकंद होते, पण प्रवाह ३८.४ जीबी मिळतो. नळ उघडल्यावर पाणी किती वेळाने येते हा एक प्रश्न, आणि आल्यावर धार केवढी हा दुसरा. मोठा आकडा म्हणजे सर्वच बाबतींत वेगवान, असे नाही.

जुळणीचा नियम सोपा आहे. पट्टी, प्रोसेसर आणि मदरबोर्ड या तिघांत जो सर्वांत हळू, त्याच्या वेगाने मेमरी चालते. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर डीडीआर४-३२०० पर्यंत अधिकृतपणे चालवतो. कोअर आय५-१२४०० ला डीडीआर४-३२०० किंवा डीडीआर५-४८०० यांपैकी काहीही चालते. मात्र बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो, आणि दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. रायझन ५ ७६०० ला डीडीआर५ च लागते, तीही अधिकृतपणे ५२०० पर्यंत. त्याहून वेगवान, उदाहरणार्थ ६००० च्या पट्ट्या मिळतात. पण त्या वेगासाठी बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ ही सोय सुरू करावी लागते आणि बोर्डालाही ती मान्य असावी लागते.

वेगापेक्षा मोठा लाभ मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरपासून मेमरीकडे दोन वाटा जातात. पट्टी एकच असेल तर एक वाट रिकामी राहते. आमच्या प्रत्येक संगणकात १६ जीबीची एकच पट्टी होती. ती २६६६ ने चालत असल्याने आम्हांला २१.३ जीबीचा प्रवाह मिळत होता. त्याऐवजी २६६६ च्याच, ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या असत्या, तर दोन्ही वाटा मिळून ४२.६ जीबी मिळाला असता!

अर्थात प्रवाह दुप्पट झाला म्हणून संगणक दुप्पट वेगाने चालतो असे नाही. पत्र टंकित करताना फरक जाणवणारही नाही. परंतु शाळेच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नसते. चित्राचे कामही याच मेमरीतून चालते. अशा ठिकाणी, त्रिमितीय चित्रे हलवताना, दुसरी पट्टी उपयोगी पडते.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी मेमरी पुरेशी घ्यावी, कारण ती अपुरी पडली तर माहितीसाठी डिस्ककडे, म्हणजे फळी सोडून थेट वाण्याच्या दुकानात धाव घ्यावी लागते. मग ती दोन सारख्या पट्ट्यांत विभागून मागावी. शेवटी प्रोसेसर आणि बोर्ड यांना मान्य असलेला वेग बघावा आणि त्यापुढच्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या कोणत्या खाचांत बसवायच्या, ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

शाळेत विंडोजचे संगणक असतील तर विद्यार्थ्यांकडून एक पाहणी करून घेता येईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडावे. तिथला वेग आणि वापरलेल्या खाचांची संख्या वहीत नोंदवून प्रत्येक यंत्राचा प्रवाह काढायला सांगावे. गुणाकाराचा सराव तर होईलच, शिवाय पुढच्या दरपत्रकात काय मागायचे तेही शाळेला कळेल. आम्ही हा गुणाकार खरेदीनंतर केला. आता दुसऱ्या पट्टीसाठी पुन्हा वर्गणी मागायची वेळ आली आहे.