महागडे सायकल पार्ट घ्यायचे का? घाटात पैसे वसूल कुठे होतात आणि वाया कुठे जातात

रविवारी पहाटे जांबोटी रस्त्याला उभं राहिलात तर हेल्मेट घातलेल्या सायकलवाल्यांचे घोळके दिसतात. कुणी कणकुंबीपर्यंत जाऊन परततो, कुणी चोर्ला उतरून गोव्यात साखळीला चहा घेतो. शिनोळीमार्गे आंबोलीला जाणारेही आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी रोड बाईक दिसली की लोक वळून बघायचे. आता पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या सायकली याच रस्त्यावर फिरतात.

चहाच्या टपरीवर थांबलं की विषय ठरलेला. कुणाकडे कुठला गिअर सेट, कुणी कार्बनची चाकं घेतली, ती किती हलकी. मग नोकरीला नुकता लागलेला एखादा पोरगा हळूच विचारतो, "माझ्या सायकलीला हे बसवलं तर फरक पडेल काय हो?" त्याचा दोन-तीन महिन्यांचा पगार यात जाऊ शकतो, म्हणून उत्तर नीट हिशोब करून द्यायला हवं.

आधी पायऱ्या समजून घेऊ

रोड बाईकचे गिअर, ब्रेक, क्रँक, चेन यांच्या एकत्रित संचाला ग्रुपसेट म्हणतात. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो जपानच्या शिमानो कंपनीचा. त्यात खालून वर चढत गेलं तर क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105, अल्टेग्रा आणि शेवटी ड्युरा-एस अशा पायऱ्या आहेत. क्लॅरिसला मागे 8 दाते-चक्रं, सोराला 9, टियाग्राला 10, आणि 105 पासून वर 11 किंवा 12.

क्लॅरिसवरून 105 वर गेलात तर फरक हाताला आणि पायाला कळतो. गिअर पटकन पडतात, दोन गिअरमधली उडी लहान होते, चढावर पाय एका लयीत फिरत राहतात. ब्रेकही जास्त भरवशाचे असतात. इथे वाढीव पैशाला काम आहे.

105 च्या वर मात्र चित्र बदलतं. इलेक्ट्रॉनिक गिअरचंच बघा. ते ड्युरा-एसमध्ये 2009 ला आले, अल्टेग्रामध्ये 2011 ला आणि 105 मध्ये 2022 ला. म्हणजे वरच्या पायरीवरची सोय काही वर्षांनी खाली उतरतेच. तिन्ही संच आज 12 गिअरचे आणि इलेक्ट्रॉनिक मिळतात, बटण दाबल्यावर तिन्ही गिअर बदलतात. उरतो तो मुख्यतः वजनाचा फरक. पूर्ण संच धरला तर 105 सुमारे 2,990 ग्रॅम, अल्टेग्रा सुमारे 2,720 आणि ड्युरा-एस सुमारे 2,440 ग्रॅम. सर्वांत वरच्या आणि 105 मध्ये साधारण साडेपाचशे ग्रॅमचं अंतर, म्हणजे पाण्याची एक भरलेली छोटी बाटली.

अर्धा किलो कमी झाला तर घाटात किती सेकंद वाचतात?

समजा सहा टक्के चढाचा दहा किलोमीटरचा घाट आहे. म्हणजे 600 मीटर वर चढायचं. स्वार आणि सायकल मिळून वजन 80 किलो. स्वार सरावाचा आहे, सलग 200 वॅट ताकद लावू शकतो. रस्त्याचा आणि हवेचा विरोध धरून हा चढ त्याला सुमारे 45 मिनिटं घेईल.

आता सायकलीचं वजन अर्ध्या किलोनं कमी करा. ताकद तीच. वेळ वाचतो सुमारे 16 सेकंद. पाऊण तासात 16 सेकंद! तेवढा वेळ आपण वर पोचून फोटोसाठी मोबाईल काढण्यात घालवतो.

सपाट रस्त्यावर तर या अर्ध्या किलोचा फरक जवळपास जाणवतच नाही. तिथे खरी लढाई वाऱ्याशी असते, आणि वारा अडवण्यात सर्वांत मोठा वाटा स्वाराच्या अंगाचा असतो, सायकलीचा नव्हे.

याचं गाजलेलं उदाहरण 1989 च्या टूर द फ्रान्सचं. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटरची वेळेची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँच्या 50 सेकंद मागे होता. लेमाँने हँडलला पुढे हात टेकवता येतील असे बार लावले आणि अंग खाली चोरून घेतलं. फिन्याँ साध्या पद्धतीने, हेल्मेटशिवाय उतरला. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँने अवघ्या 8 सेकंदांनी जिंकली. त्या बारमधली खरी करामत होती ती बसण्याच्या पद्धतीत. आपल्यालाही सीटची उंची नीट करून, कोपर वाकवून चालवायला एक रुपया लागत नाही.

शर्यतीत उतरणाऱ्याला 16 सेकंद मोलाचे असतात, हे मान्य. पण त्यांच्यावरही बंधन आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी चालत नाही.

मग पैसे घालायचे कुठे?

पहिलं, टायर. रस्त्याला टेकतात ते फक्त टायर. चांगल्या रेसिंग टायरचं रबर आणि आतलं कापड मऊ असतं, त्यामुळे ते कमी ताकद खातं. ताशी 30 किलोमीटरला साधे जाड टायर आणि चांगले टायर यांत जोडीमागे 10 ते 15 वॅटचा फरक पडू शकतो. 200 वॅट लावणाऱ्याला हा फरक मोठा आहे, आणि तो चढाला, सपाटीला, उताराला, सगळीकडे मिळतो. ओल्या वळणावर पकड मिळते ती वेगळीच. एक टायर पाच हजारांच्या आसपास पडतो. रुपयामागे एवढा वेग दुसरा कुठलाच पार्ट देत नाही.

हवेचं प्रमाणही बघा. आपल्याकडे 28 मिलिमीटरच्या टायरलाही 120 पीएसआय हवा मारायची सवय आहे. खडबडीत रस्त्यावर असा टायर उड्या मारतो आणि वेग उलट कमी होतो. सत्तर किलोच्या माणसाला 70 ते 80 पुरते.

दुसरं, ब्रेक. वर धरलेला घाट उतरताना 80 किलोचा भार 600 मीटर खाली येतो. त्यातून सुटणारी ऊर्जा जवळपास दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी असते. काही भाग हवा खाते, बाकी सगळी ब्रेकने पचवायची. म्हणून ब्रेक पॅड हा काही शे रुपयांचा पार्ट सायकलीतला सर्वांत महत्त्वाचा पार्ट आहे.

हे मी अनुभवाने सांगतोय. तीन वर्षांपूर्वी मी कार्बनचा सीटपोस्ट घेतला, शंभर-सव्वाशे ग्रॅम वाचले म्हणून खूश होतो. त्याच महिन्यात चोर्ला उतरताना पावसात मागच्या ब्रेकमधून लोखंड घासल्याचा आवाज आला. पॅड संपले होते. पुढच्या एका ब्रेकवर जेमतेम कडेला थांबलो. मागून ट्रक येत होता. सीटपोस्टसाठी बारा हजार होते, पॅड बघायला दोन मिनिटं नव्हती!

रिम ब्रेकवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्बनची रिम पावसात अॅल्युमिनियमपेक्षा उशिरा धरते आणि लांब उतारावर जास्त तापते. आपल्या घाटांना आणि पावसाला चांगली अॅल्युमिनियम रिमच बरी. कार्बनची चाकं हवीच असतील तर डिस्क ब्रेकच्या सायकलीला घ्या.

तिसरं, चेन. जांबोटी-खानापूर पट्ट्यातली लाल माती आणि पाऊस एकत्र आले की चेनला पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. चेन झिजली की ती कॅसेटचे दातेही खाते. स्टीलच्या पट्टीने मोजा. चेनच्या 24 जोडांची लांबी बरोबर 12 इंच हवी. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली की चेन बदला. आठव्या भागापर्यंत थांबलात तर बहुधा कॅसेटही बदलावी लागेल. दोन-तीन हजारांची चेन वेळेवर बदलली तर बाकीचा खर्च टळतो.

इथे महाग म्हणजे टिकाऊ हा समज तपासून बघावा. ड्युरा-एसच्या कॅसेटमध्ये मोठी चक्रं टायटॅनियमची असतात. 105 च्या तुलनेत शंभरेक ग्रॅम वाचतात, किंमत मात्र कैक पट, आणि टायटॅनियम स्टीलपेक्षा लवकर झिजतं. चिखलात चालवणाऱ्याने स्टीलचीच घ्यावी.

चौथं, अंगाला लागणाऱ्या गोष्टी. सीट, पॅड असलेली चड्डी, हँडलची टेप. शंभर किलोमीटरनंतर माणूस थांबतो तो बहुतेक वेळा बूड किंवा हात दुखतात म्हणून.

कुठे हात आखडता घ्यावा?

सिरॅमिक बेअरिंगवर. चांगल्या साध्या बेअरिंगचा एकूण विरोधच एक-दोन वॅटचा असतो, त्यातून वाचणार किती? आपल्याकडे प्रश्न पाणी आणि मातीचा आहे, तेव्हा चांगलं सील आणि वर्षाला एकदा ग्रीस महत्त्वाचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'ब्रँडेड' कार्बनवर तर अजिबात नको. नामांकित कंपन्यांची नावं छापलेली बनावट हँडल आणि सीटपोस्ट बाजारात आहेत. अॅल्युमिनियम बऱ्याचदा आधी वाकतं, कार्बन एकदम तुटतं. बिल नसेल, वजन आणि किंमत दोन्ही अविश्वसनीय कमी असतील, तर ते हँडल घेऊन घाट उतरू नका. खरं कार्बनही टॉर्क पाना वापरूनच आवळा, पार्टवर आकडा छापलेला असतो. हाताच्या अंदाजाने आवळलेलं कार्बन आतून तडकू शकतं.

खरेदीचा एक मुद्दा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बेळगावात घ्या, कोल्हापुरात घ्या की मडगावात, कर तोच. त्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव ऐकण्याआधी बिल मागा. बिल नसेल तर वॉरंटीही नाही.

हिशोबाचा क्रम

सायकलवाल्यांत जुनं सूत्र आहे: मजबूत, हलकं आणि स्वस्त, यातले कुठलेही दोनच मिळतात. शर्यत जिंकायची असेल तर स्वस्त सोडा. आपल्यासारख्या रविवारच्या स्वारांनी हलकं सोडावं.

म्हणून त्या पोराला मी सांगतो तो क्रम असा. आधी ब्रेक पॅड आणि चेन तपास. मग चांगले टायर घे. सीट आणि हँडलची उंची जाणकाराकडून नीट करून घे. खाली क्लॅरिस असेल आणि वर्षभर नियमित चालवलंस, तर 105 चा विचार कर. पण सुटे पार्ट जोडत बसण्यापेक्षा 105 लावलेली पूर्ण सायकल बऱ्याचदा स्वस्त पडते, तेही बघ. त्यानंतर पैसे उरले आणि ड्युरा-एस आवडत असेल तर खुशाल घे. हौसेला मोल नसतं. फक्त घाट त्यामुळे सोपा होईल असं समजू नकोस. तो सोपा होतो दर रविवारी पहाटे उठून निघालास तर.