मागायला लाज कसली?

अहो, दुखणं काही सांगून येत नाही! आमच्या शेजारणीचे यजमान एकाएकी इस्पितळात. घरात होते नव्हते ते पैसे औषधांतच संपले; बांगड्या मोडायची वेळ आली. "तुमच्या चर्चमध्ये विचारा ना," मी म्हटलं. तर म्हणते, "लाज वाटते हो, वहिनी."

पण मैत्रिणींनो, तिथली रीत समजुतीची असते. पुष्कळ कॅथलिक चर्चमधून संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद हे काम पाहतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह ती सुरू केली. फादरांच्या कानावर घातलं, की सहसा दोघे सभासद घरी येतात, शांतपणे ऐकून घेतात. जातधर्म आड येत नाही. रोख पैसे मात्र बहुधा हातात देत नाहीत; बिल परस्पर भरतात, नाहीतर वाणसामान देतात. हा अविश्वास समजू नका. मदत अडलेल्या कामालाच लागावी, एवढाच हेतू.

तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बिलं जपून ठेवा आणि दागिना मोडण्याआधी विचारा, नंतर नव्हे. शेजारीण अखेर गेली. औषधांचं बिल भागलं, अन् बांगड्या अजून तिच्या हातात आहेत!