पहिली वेलांटी जागेवर येईपर्यंत

ब्राउझर एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर आला की इंग्रजी वाचणारा आधी त्याचा वेग बघतो. मराठी वाचणाऱ्याला या शतकाच्या सुरुवातीची बरीच वर्षं आधी वेलांटी बघावी लागली. कोकणातल्या खारेपाटणात हे फार स्पष्ट दिसायचं. 'खारेपाटण' हा शब्द कसल्याही मशीनवर धड उमटायचा, कारण त्यात ना जोडाक्षर, ना रफार, ना पहिली वेलांटी. कणकवली आणि वैभववाडीही सुखरूप असायच्या. पण ज्या खाडीतून पूर्वी गलबतं खारेपाटणपर्यंत येत, तिच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्गाची दैना व्हायची. वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन 'ज'ला चिकटायची आणि डोळ्यांना 'वजिय' दिसायचं. 'र्ग'चा रफार खाली उतरून पाय मोडलेला 'र' व्हायचा. आणि जिल्ह्याचं नाव सिंधुदुर्ग! शाळेतला मुलगा आपल्या जिल्ह्याचं नाव पडद्यावर मोडलेलं बघत असेल, तर हा संगणक आपल्यासाठी नाही असंच त्याला वाटणार. मला या गोष्टीचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

दोष एकट्या ब्राउझरचा नव्हता. त्या काळी अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर स्वतः करतच नसे, ते खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सोडलेलं असे. विंडोजमध्ये युनिस्क्राइब, लिनक्सवर पँगो, मॅकची आणखी वेगळी व्यवस्था. त्यामुळे तोच ब्राउझर घर बदलून आला की त्याचं इंग्रजी बरोबर यायचं आणि मराठी मागे राहायचं. विंडोज एक्सपीतसुद्धा कंट्रोल पॅनलमधल्या 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करावी लागे, मग मशीन एक्सपीची मूळ सीडी मागे. असेम्बल केलेल्या संगणकाबरोबर मूळ सीडी किती जणांकडे होती? त्याआधीचा काळ तर आणखी वाईट. बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट्सचे आपापले फॉण्ट होते, आणि आपोआप उतरणारे फॉण्ट बहुतांशी विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररलाच कळायचे. लिनक्सवरून तेच पान उघडलं की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा.

तरीही लिनक्सकडे वळावंसं वाटलं, त्याला कारण उबुंटू या लिनक्सच्या सीड्या. मागणी नोंदवली की त्या फुकट, पोस्टाने घरपोच यायच्या. ही सोय २०११पर्यंत चालू होती. पावसाळ्यात खारेपाटणला शुक नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, वीज जाते, आणि तेव्हा टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट मान टाकायचं. अशा गावात सातशे एमबी डाउनलोड करण्यापेक्षा पोस्टमनची वाट बघणं शहाणपणाचं होतं. सीडी घातली, फायरफॉक्स उघडला, मराठी विकिपीडिया लावला. पान येतं, चित्रं येतात, दुवे चालतात, आणि मजकुरात सगळ्या पहिल्या वेलांट्या एक घर पुढे.

फायरफॉक्सच्या १.५ आणि २.० या आवृत्त्यांत लिनक्सवर पँगो वापरायचा की नाही हे त्या तयार करून देणाऱ्यावर अवलंबून होतं. पँगोने पान उमटायला वेळ लागतो म्हणून तो बंद ठेवण्याकडे बऱ्याच जणांचा कल असे. ज्याची लिपी सरळ डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर मांडत जाते, त्याला तो वेग फुकट मिळत होता. आपल्याला त्याची किंमत रफाराने मोजावी लागत होती. उपाय छोटासाच होता: टर्मिनल उघडून 'मॉझ एनेबल पँगो' या चलाची किंमत एक करायची आणि त्याच खिडकीतून फायरफॉक्स सुरू करायचा. रेड हॅटने मुक्तपणे दिलेला लोहित फॉण्ट बसवलेला असला की 'विजयदुर्ग' क्षणात उभा. जून २००८मध्ये फायरफॉक्स ३ आला, त्याने लिनक्सवर पँगो आपणहून वापरायला सुरुवात केली आणि ती ओळ लिहिण्याची गरज संपली. डाउनलोडच्या विक्रमापेक्षा मला त्या आवृत्तीचं हे मोल जास्त वाटतं.

उलट दिशेचा प्रवास ॲपलने केला. जून २००७मध्ये मॅकचा सफारी ब्राउझर विंडोजवर आला. अक्षरं मॅकसारखी जाडसर, कडा मऊ केलेली. कोणाला आवडली, कोणाला धूसर वाटली. मे २०१२च्या ५.१.७ या आवृत्तीनंतर तो विंडोजवर पुढे आलाच नाही.

क्रोम २ सप्टेंबर २००८ला आला तोही फक्त विंडोजसाठी. दोन आठवड्यांच्या आत कोडवीव्हर्स कंपनीने, विंडोजचे प्रोग्रॅम इतरत्र चालवणाऱ्या 'वाइन'च्या आधाराने, क्रोमचा मुक्त अवतार क्रोमियम लिनक्सवर आणि मॅकवर चालवून दाखवला. काम अचाट होतं, पण वाइनमध्ये तेव्हा देवनागरीची जुळवणी पुरी झालेली नव्हती, तेव्हा मराठीसाठी त्याचा उपयोग नव्हता. लिनक्सचा खरा, स्थिर क्रोम मे २०१०मध्ये मिळाला.

मात्र गावात मराठी इंटरनेट खऱ्या अर्थाने पोचवलं ते ऑपेरा मिनीने, तेही बटणांच्या साध्या जावा फोनवर. त्या फोनच्या सिस्टीमला देवनागरीचा गंधही नसे, नुसते चौकोन दिसायचे. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं, पानाच्या तळाशी जायचं, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉण्ट वापरायचे का, तिथे 'येस' करायचं आणि सेव्ह. मग अक्षरं फोनवर जुळतच नसत. दूरच्या सर्व्हरवर त्यांची चित्रं बनून खाली येत. पान थोडं जड व्हायचं, पण टूजीच्या तुटपुंज्या रेंजमध्येही एसटीची वाट बघत उभा असलेला माणूस मराठी बातमी वाचू शकायचा. अँड्रॉइडला देवनागरी नीट समजायला २०११च्या अखेरीची ४.० आवृत्ती यावी लागली, आणि ती असलेले फोन इकडे हातात यायला आणखी काळ गेला.

त्यानंतर गाडी रुळावर आली ती हार्फबझमुळे. बेहदाद एस्फहबोद यांनी वर्षानुवर्षं घडवलेला हा अक्षरं जुळवणारा मुक्त प्रोग्रॅम आज फायरफॉक्सही वापरतो आणि क्रोमही. विंडोज असो, लिनक्स असो की अँड्रॉइड, ब्राउझर जुळवणीची सोय स्वतःबरोबर घेऊन येतो. 'किनाऱ्यावर' या शब्दात पहिली वेलांटीही आहे आणि 'ऱ्य'मधला तो खास मराठी र सुद्धा. कोकणात हा शब्द दिवसातून दहादा लागतो. आता तो स्वस्तातल्या फोनवरही बरोबर येतो.

एक काम अजून उरलं आहे, आणि ते पान बनवणाऱ्यांचं आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे. मुक्तासारख्या फॉण्टमध्ये ते दोन्ही वळणांनी आखलेले असतात. पण पानाच्या कोडमध्ये भाषेच्या जागी 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिलेली असतील तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. मराठी मजकुराच्या कितीतरी पानांवर तिथे अजून इंग्रजीची खूण आहे. ग्रामपंचायतीचं असो, शाळेचं असो की वृत्तपत्राचं, पान बनवणाऱ्याने ती आजच बदलावी. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.