उसने डोळे

१८५८ सालच्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडमधील सॅलिसबरी गावाजवळच्या टेकडीवर एक गृहस्थ मुलासह पक्ष्यांच्या शिकारीस गेले होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता. पक्षी उडाला, त्यांनी बंदूक झाडली. मुलगा त्याच रोखात उभा आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. दोन छरे चष्म्याच्या काचा भेदून मुलाच्या दोन्ही डोळ्यांत शिरले. केंब्रिजमध्ये गणितात सातवे आलेले, वकिलीच्या वाटेने पार्लमेंट गाठण्याची स्वप्ने पाहणारे पंचवीस वर्षांचे हेन्री फॉसेट त्या क्षणी कायमचे अंध झाले. पुढे हेच फॉसेट अर्थशास्त्राचे प्राध्यापक, पार्लमेंटचे सभासद आणि इंग्लंडचे पोस्टमास्टर जनरल झाले.

अशा चरित्रांतून बहुधा इच्छाशक्तीचे गोडवे गायले जातात. फॉसेट यांच्या ठिकाणी ती होतीच. पूर्वीचे बेत शक्य तितके तसेच पुढे चालवायचे, हा निश्चय त्यांनी अपघातानंतर अवघ्या काही मिनिटांत केला असे सांगत. परंतु निश्चय करणे आणि तो वर्षानुवर्षे निभावणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर त्यांनी एकट्याने तोडले नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अपघातानंतर घरी सांत्वनपर पत्रांचा ढीग पडला. दैवापुढे मान तुकवावी, शांत राहावे, असा त्यांतील बहुतेकांचा सूर. बहीण ती वाचून दाखवी आणि फॉसेट अधिकच खिन्न होत. धीर दिला तो केंब्रिजमधील त्यांचे गणिताचे शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्या पत्राने. डोळे गेले तरी बुद्धीचे काम थांबत नाही, अभ्यास पुन्हा हाती घ्यावा, असे त्यांनी लिहिले होते. हे सांत्वन नव्हते. शिक्षकाने विद्यार्थ्याला पुन्हा कामाला लावणे होते.

फॉसेट केंब्रिजला परतले. तेथील त्यांचे जिवलग स्नेही लेस्ली स्टीफन. (लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे हे वडील.) फॉसेट यांना अमुक जमणार नाही, असे या मित्रमंडळाने परस्पर ठरवून टाकले नाही. ते मित्रांबरोबर मैलोगणती चालत, होडी वल्हवीत, घोड्यावर बसत, मासे धरीत आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून स्केटिंगही करीत. समोरचा देखावा कसा आहे ते विचारीत आणि मित्रही संकोच न करता सांगत. दया हाही एक प्रकारे अपमानच असतो, हे त्या मंडळींना उपजतच कळले असावे. १८८४ मध्ये फॉसेट वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. ते स्टीफन यांनीच लिहिले.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ म्हणून फॉसेट स्वावलंबनाचे कडवे पुरस्कर्ते होते. गरिबांना सरकारी साहाय्य दिल्याने त्यांची उद्यमशीलता मरते, असे ते मानीत; स्त्री-कामगारांच्या तासांवर कायद्याने मर्यादा घालण्यासही त्यांनी विरोध केला. आणि हेच गृहस्थ रोजचे वृत्तपत्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचीत, ग्रंथ दुसऱ्याच्या हाताने लिहीत! १८६७ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी मिलिसेंट यांनी त्यांच्या लेखनिकाचे काम केले. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या नेत्या झाल्या. या उसन्या डोळ्यांचा हिशेब फॉसेट यांच्या अर्थशास्त्रात कोठे मांडलेला दिसत नाही. माणसाचा स्वतःवरील विश्वास पुष्कळदा इतरांनी त्याच्यावर टाकलेल्या विश्वासातून उभा राहतो, ही गोष्ट त्यांच्या सिद्धांतापेक्षा त्यांच्या आयुष्यानेच अधिक स्पष्ट केली.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. खुर्ची कायद्याने मिळते. मधल्या सुटीत शेजारी बसून डबा उघडणारा सहकारी मात्र कायद्याने नेमता येत नाही. अंध कारकुनाला काम झेपणार नाही असे गृहीत धरून त्याला निवांत बसवून ठेवणारे वरिष्ठ स्वतःला दयाळूच समजत असतात. फॉसेट निवडणुकीस उभे राहिले तेव्हा, आंधळा माणूस पार्लमेंटात काय करणार, हाच प्रश्न विचारला गेला होता.

त्याचे उत्तर हिंदुस्थानला मिळाले. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनमध्ये नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. फॉसेट यांनी त्यास हरकत घेतली. पुढे दरसाल अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांसमोर, हिंदुस्थानचे अंदाजपत्रक मांडले जाई तेव्हा हा अंध सभासद मुखोद्गत आकड्यांनिशी उभा राही. या देशाच्या जमाखर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवरही ते होते. १८७३ मध्ये तिच्यासमोर दादाभाई नौरोजींनी साक्ष दिली. लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणू लागले.

१८७४ मध्ये ब्रायटनच्या मतदारांनी फॉसेट यांना पराभूत केले. ही वार्ता येथे आली, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते अशा लोकांनी वर्गणी गोळा केली आणि पुढील निवडणुकीच्या खर्चासाठी ती लंडनला धाडली. त्याच वर्षी हॅकनी मतदारसंघातून निवडून येऊन फॉसेट पुन्हा सभागृहात आले.